उत्तनच्या समुद्रातील पाण्याचे ऋतुचक्र

मिरा-भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांसमोरचा अरबी समुद्र वरून एकसारखा दिसतो. पण त्यातले पाणी वर्षभर बदलत असते. ठरावीक भागात तयार झालेल्या आणि तापमान व क्षारता जवळपास सारखी असलेल्या मोठ्या पाणसाठ्याला जलराशी म्हणतात.

अरबी समुद्राच्या वरच्या थरातील प्रमुख जलराशी हिवाळ्यात त्याच्या उत्तर टोकाला तयार होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचे कोरडे वारे पृष्ठभागावरील पाण्याची वाफ करतात. उरलेले पाणी गार, खारट आणि म्हणून जड होते; ते खाली बुडते व दक्षिणेकडे सरकते. जगातील समुद्रांत एक किलो पाण्यामागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. या जलराशीत ते ३६ च्या वर जातात. याच दिवसांत किनारी प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागराचे कमी खारे पाणी केरळ किनाऱ्याकडे आणतो.

पावसाळ्यात किनारी प्रवाहाची दिशा उलटते. खोलातले गार, पोषक पण प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे चढते. त्याचा जोर केरळ ते गोवा पट्ट्यात जास्त आणि उत्तरेकडे कमी असतो. उत्तनजवळ वसईच्या खाडीतून उल्हास नदीचे गढूळ गोडे पाणीही समुद्रात मिसळते. पोषकद्रव्यांवर प्लवक वाढतात, प्लवकांवर जवळा आणि जवळ्यावर बोंबील पोसतो. पावसाळा सरल्यावर डोल जाळ्यात सापडलेले बोंबील उत्तनला वलांड्यांवर, म्हणजे वाळवणीच्या मांडवांवर, वाळताना दिसतात.

हे चक्र दरवर्षी सारखे नसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९९९ च्या पावसाळ्याअखेरीस पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यात प्राणवायू संपून विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार झालेले आढळले. याउलट १९९७ सारख्या वर्षी, जेव्हा हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि सुमात्राकडचा भाग गार असतो, तेव्हा खालचे पाणी कमी वर येते आणि किनाऱ्यावर प्राणवायूची टंचाई तेवढी तीव्र होत नाही.

हे फरक एकाच मोजणीत कळत नाहीत. म्हणूनच ही संस्था १९९७ पासून गोव्यातील कांदोळीसमोरच्या समुद्रात नियमित नोंदी घेते. उत्तर कोकणालाही अशा दीर्घ नोंदींची गरज आहे. मासळी घटली की केवळ जास्त मासेमारीला किंवा केवळ हवामानाला दोष देणे सोपे असते. पण त्या वर्षीचे पाणी तपासल्याशिवाय खरे कारण ठरवता येत नाही.