कूटचे मराठा युद्धकैदी

धार-देवासच्या पवारांच्या फौजांचा इतिहास आपल्या मंडळींना तोंडपाठ असतो. मात्र मराठी शिपायांचं एक प्रकरण आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, कारण त्यात विजय नाही. ते आहे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कैद झालेल्या मराठा पलटणींचं.

1915 च्या डिसेंबरात तिग्रिस नदीकाठच्या कूट या गावात जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत 103 आणि 110 मराठा लाइट इन्फंट्री व 117 मराठा अशा तीन पलटणी होत्या. मराठा पलटणींत भरती मुख्यतः कोकण आणि देशावरची. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापण्याचा हुकूम निघाला. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस नाकारलं आणि मूठभर पिठावर दिवस काढले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवावी लागली. ती आली तरी सगळ्यांच्या घशाखाली घास उतरेना. त्यामुळे 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली तेव्हा ही माणसं आधीच हाडांचे सापळे झाली होती. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

नोकर-चाकर धरून सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. कूट ते बगदाद सुमारे 160 किलोमीटर. बहुतेकांनी ते पायी कापलं. बगदादहून सामर्‍यापर्यंत रेल्वे होती. तिथून पुढे तिक्रित, मोसुल, नुसायबिन करत रास-अल-ऐनपर्यंत पाचशे किलोमीटरांहून जास्त वाट पुन्हा पायीच, तीही ऐन उन्हाळ्यात. अनेकांचे बूट आणि पाण्याच्या बाटल्या वाटेत पहारेकर्‍यांनी किंवा टोळीवाल्यांनी हिसकावल्या. हगवणीने जो मागे पडला, तो बहुधा मागेच राहिला.

रास-अल-ऐनला हिंदी शिपायांचा मोठा तळ होता. बर्लिन-बगदाद रेल्वेचं काम जर्मन इंजिनिअरांच्या देखरेखीखाली चालू होतं आणि त्याला मजूर हवे होते. गोर्‍या कैद्यांपैकी पुष्कळांना डोंगरातल्या बोगद्यांवर पाठवलं. हिंदी शिपायांच्या वाट्याला मुख्यतः उघड्या माळावरचा मार्ग आला. माती खणायची, भराव घालायचा, रूळ वाहायचे. मुसलमान शिपायांना वेगळं काढून आपल्या बाजूला वळवण्याचा प्रयत्नही तुर्कांनी केला. टाउनशेंड मात्र त्या काळात इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहत होता! सेनापती आणि शिपाई यांच्या कैदेत एवढं अंतर क्वचितच पडलं असेल.

हे सगळं आपल्याला कळतं ते बव्हंशी अधिकार्‍यांच्या आठवणींतून. शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरचे शिशिर सर्वाधिकारी याच कैदेत होते, रास-अल-ऐनच्या इस्पितळात त्यांनी काम केलं. त्यांचं ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक म्हणूनच मोलाचं आहे.

ऑक्टोबर 1918 च्या तहानंतर जिवंत राहिलेले सुटले. सुमारे तीन हजार हिंदी माणसं एकतर मेली किंवा त्यांचा ठावठिकाणाच लागला नाही. बसर्‍याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात कामी आलेल्या, कबर नसलेल्या गोर्‍या शिपायांची नावं कोरली आहेत. हिंदी साध्या शिपायांची नावं नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा आहे. या भेदभावाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने 2021 मध्ये माफी मागितली.

पुढे 1922 च्या फेररचनेत 103, 110 आणि 117 या पलटणी एकाच रेजिमेंटच्या पहिल्या, तिसर्‍या आणि पाचव्या बटालियन झाल्या. तीच आजची बेळगावची मराठा लाइट इन्फंट्री.

आपल्या घरी ‘आजोबा बसर्‍याला गेले होते’ एवढीच आठवण शिल्लक असेल, तर जुन्या पेटीतली पदकं एकदा काढून पाहावीत. त्या युद्धाच्या चांदीच्या गोल पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ब्रासो लावून फार घासू नका, अक्षरं झिजतात. घरचा माणूस परत आला नसेल, तर तेवढ्या तपशिलावर कमिशनच्या यादीत त्याचा शोध घेता येतो.