यकृतांतील गांठ आणि शस्त्राची भीति



कर्करोगाविषयीं एक समज आपल्याकडे घरोघर ऐकूं येतो. गांठीला शस्त्र लागलें कीं ती खवळते आणि मग रोग सर्वांगभर पसरतो, असा तो समज आहे. या भीतीनें शस्त्रक्रिया नाकारणारीं माणसें शहरांत आहेत तशींच खेड्यांतहि आहेत. हा निव्वळ अडाणीपणा असें म्हणून हसून सोडून देणें सोपें आहे. पण तें मला न्याय्य वाटत नाहीं. यकृताच्या कर्करोगापुरतें बोलावयाचें तर जगांतील नामांकित शस्त्रवैद्यांनीं हाच प्रश्न स्वतःला विचारलेला आहे, व त्यांच्या हातीं जें उत्तर लागलें तें आपल्या समजाहून बरेंच निराळें आहे. उपचारानें रोग पसरूं शकतो काय? कांहीं प्रसंगीं, कांहीं प्रमाणांत, होय. म्हणून उपचार टाळावा काय? मुळींच नाहीं. हीं दोन्ही उत्तरें एकाच वेळीं खरीं कशीं, तें आज पाहूं.

प्रथम रोग पसरतो म्हणजे काय होतें तें ध्यानांत घेतलें पाहिजे. लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ सालीं, स्तनाच्या कर्करोगानें दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोगाच्या पेशी रक्ताबरोबर सर्वत्र जात असतील तर त्या सर्व इंद्रियांत सारख्याच रुजावयास हव्या होत्या. पण तसें आढळेना. यकृतांत त्या वारंवार दिसत, प्लीहेंत क्वचित्. यावरून पॅजेट यांनीं बीज आणि भूमि यांचा दृष्टान्त दिला. आपल्या शेतकऱ्याला हें नव्यानें सांगावयास नको. वाऱ्यानें बीं चहूंकडे उडतें, पण खडकावर पडलेलें उगवत नाहीं.

यकृतांत उद्भवणाऱ्या कर्करोगाची गोष्ट अशी कीं तेथें भूमि बहुधा आधींच बिघडलेली असते. बी किंवा सी जातीच्या काविळीचे विषाणु, दारू, आणि मधुमेह व लठ्ठपणा यांबरोबर येणारी यकृतांतील चरबी, यांनीं वर्षानुवर्षें सूज येऊन यकृत निबर व गांठाळ होतें. डॉक्टर याला सिऱ्होसिस म्हणतात. अशा यकृतांत गांठ धरली म्हणजे तिच्या पेशी प्रथम जवळच्या शिरांत शिरतात व यकृताच्याच दुसऱ्या भागांत रुजतात. फुप्फुसें व हाडें यांकडे त्या पुढें जातात. म्हणजे बीं उधळण्याचें काम शस्त्राची वाट पाहत थांबलेलें नसतें.

आतां शस्त्राकडे वळूं. यकृताच्या उजव्या बाजूस मोठी गांठ असली म्हणजे जुनी रीत अशी होती कीं प्रथम यकृत भोंवतालच्या बंधनांतून सोडवावयाचें, हातानें उचलून फिरवावयाचें, आणि मग कापावयाचें. या उचलण्यांत व दाबण्यांत गांठीतील पेशी पिळून रक्तांत जाण्याचा धोका आहे, हें शस्त्रवैद्यांच्या ध्यानांत आलें. हाँगकाँगच्या क्वीन मेरी हॉस्पिटलांतील शस्त्रवैद्यांनीं क्रमच उलटा केला: गांठीला न हलवितां समोरूनच यकृत चिरीत जावयाचें, आंतबाहेर जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधीं बांधावयाच्या, आणि मगच तो भाग सोडवून बाहेर काढावयाचा. त्यांनीं १२० रोगी घेऊन, कोणाला कोणती रीत हें चिठ्ठी टाकल्याप्रमाणें ठरवून, दोन्ही रीती ताडून पाहिल्या व २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. नव्या रीतीचे रोगी अधिक काळ जगले व फार मोठा रक्तस्रावहि त्यांच्यांतील कमी जणांना झाला. मात्र रोग पुन्हां उद्भवण्याच्या काळांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. तेव्हां सारें श्रेय पेशी न उधळण्यालाच आहे असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. अर्धेंच पटलेलें प्रमाण पुरें पटलें असें सांगूं नये, ही वर्गांत जडलेली खोड मला अजून सोडवत नाहीं.

त्याआधीं १९८५ सालीं जपानांत माकूची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरी युक्ति योजली होती. गांठ ज्या शिरेच्या शाखेवर आहे तींत ध्वनिलहरींच्या यंत्राच्या साह्यानें सुई घालून निळा रंग सोडावयाचा. जेवढा भाग निळा होईल तेवढा सबंध काढावयाचा. कारण पेशी त्या शाखेच्या वाटेनेंच पसरलेल्या असण्याचा संभव अधिक. शेताचा एक वाफा किडला तर त्याच पाटाच्या पाण्यावरचें सारें तण उपटावें, तसेंच हें.

सुईविषयीं लोकांच्या मनांत शस्त्राइतकीच धास्ती आहे. गांठीचा तुकडा सुईनें काढून तपासला तर सुईच्या वाटेवर पेशी रुजूं शकतात, हें खरें आहे. अनेक ठिकाणचे आंकडे एकत्र करून २००८ सालीं काढलेलें प्रमाण शेंकडा २·७ भरलें. पण येथें एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. निबर झालेल्या यकृतांतील गांठ रंगद्रव्य टोंचून घेतलेल्या सी. टी. किंवा एम. आर. आय. चित्रांत अशा ठराविक रीतीनें उजळते व मावळते कीं पुष्कळदां सुईची गरजच उरत नाहीं. सुई घालून गांठ जाळण्याच्या उपचारासंबंधीं बार्सेलोना येथून २००१ सालीं काळजीची बातमी आली होती: ३२ रोग्यांपैकीं ४ जणांच्या सुईवाटेवर रोग रुजला. मात्र ते बहुतेक यकृताच्या कडेवरच्या किंवा फार जहाल जातीच्या गांठींचे रोगी होते. पुढें इटलींतील तेराशेंहून अधिक रोग्यांची पाहणी झाली तेव्हां प्रमाण शंभरांत एकाहूनहि कमी निघालें. आतां सुई बाहेर घेतांना तिची वाटहि भाजून काढतात.

मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो रक्त तोडण्याचा उपचार. निरोगी यकृताला सुमारें तीन चतुर्थांश रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेंतून मिळतें व उरलेलें रोहिणींतून, म्हणजे शुद्ध रक्ताच्या वाहिनींतून. गांठ मात्र जवळजवळ सर्वस्वीं रोहिणीवरच पोसते. म्हणून जांघेंतून किंवा मनगटांतून बारीक नळी थेट गांठीच्या रोहिणीपर्यंत नेऊन औषध सोडावयाचें व वाट बुजवावयाची. ओसाका येथील यामादा व त्यांचे सहकारी यांनीं असे १२० रोगी हाताळल्याचा वृत्तान्त १९८३ सालीं दिला, आणि या रीतीनें आयुष्य वाढतें हें २००२ सालीं बार्सेलोना व हाँगकाँग येथें सिद्ध झालें.

पण यांतच एक मेख आहे. गांठ पुरी मेली तर उत्तम. कांहीं पेशी अर्धपोटीं जिवंत राहिल्या तर? प्राणवायु तुटला कीं या पेशी नव्या रक्तवाहिन्या मागविणारीं द्रव्यें सोडूं लागतात, आणि त्यांपैकीं कांहींना जागा सोडून हिंडण्याची शक्ति येते. दुष्काळ पडला म्हणजे गांवांतलीं धडधाकट माणसें गांठोडें बांधून वाट फुटेल तिकडे निघतात, तसाच हा प्रकार. अर्धवट भाजलेल्या गांठीच्या उरलेल्या पेशींविषयींहि प्रयोगशाळांत हेंच दिसून आलें आहे.

नव्या रक्तवाहिन्यांना अटकाव करणारीं औषधें निघालीं तेव्हां यावर उतारा सांपडला असें वाटलें. २००८ सालीं सोराफेनिब या गोळीनें वाढलेल्या रोगांतहि सरासरी आयुष्य ७·९ महिन्यांवरून १०·७ महिन्यांवर गेलें. लगेच २००९ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं या वर्गांतील औषधांनीं कांहीं गांठी आकसतात खऱ्या, पण अधिक आक्रमकहि होतात. शांघाय येथें तांग चाओयू यांच्या प्रयोगशाळेनें यकृताच्या कर्करोगांत याचाच बारकाईनें पाठपुरावा केला. ही बातमी घाबरविणारी खरी. परंतु गोळी घेणारीं माणसें न घेणाऱ्यांहून अधिक जगलीं, हा माणसांचा आंकडा उंदरांच्या आंकड्यापुढें झांकून ठेवतां येत नाहीं. आतां रक्त तोडण्याच्या जोडीला अशीं औषधें व शरीराची प्रतिकारशक्ति जागविणारीं औषधें देऊन पाहतात. २०२४ सालच्या एका मोठ्या चांचणींत अशा जोडीनें रोगाची वाढ ८ महिन्यांऐवजीं १५ महिने थोपविली.

शस्त्रक्रियेनंतर पांच वर्षांत सुमारें शंभरांपैकीं सत्तर जणांना पुन्हां गांठ होते. हा आंकडा ऐकला कीं लोक शस्त्राला दोष देतात. पण पहिल्या दोन वर्षांत येते ती बहुधा जुन्याच गांठीची आधीं पसरलेली संतति; त्यानंतर येते ती बऱ्याचदां त्याच बिघडलेल्या भूमींत नव्यानें धरलेली गांठ. बी जातीच्या विषाणूवर औषध चालू ठेवलें तर हा धोका कमी होतो. भूमीच बदलण्याचा उपाय म्हणजे यकृतरोपण. मिलानच्या माझ्झाफेर्रो यांनीं १९९६ सालीं ४८ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. एकच गांठ असून ती पांच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तींत जास्त तीन गांठी व प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत, अशांनाच त्यांनीं यकृत बसविलें होतें. चार वर्षांनीं शंभरांपैकीं पंचाहत्तर जिवंत होते.

तेव्हां ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांनीं डॉक्टरांना विचारावयाचें तें ‘शस्त्रानें पसरेल काय?’ एवढेंच नव्हे. गांठ पुरी निघेल किंवा पुरी जळेल काय, कडेचा किती भाग बरोबर घेणार, आणि उरलें तर पुढें काय, हें विचारावें. गांठ जाळल्यानंतर किंवा तिचें रक्त तोडल्यानंतर सुमारें महिन्यानें पुन्हां चित्र घेतात तें याचसाठीं. कडेला जिवंत भाग उजळतांना दिसला तर त्यावर पुन्हां उपचार करतां येतो. बरें वाटूं लागलें म्हणून ही तारीख चुकविणारे पुष्कळ असतात. आणि ज्यांचें यकृत निबर झालें आहे त्यांनीं गांठीची वाट न पाहतां दर सहा महिन्यांनीं पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. दोन सेंटिमीटरांची गांठ सुईनें समूळ जाळतां येते, दहा सेंटिमीटरांची येत नाहीं.