फलाटावरचा झिंगलेला उतारू

रात्रीची शेवटची गाडी यावयाची आहे. फलाटाच्या कडेने एक गृहस्थ झोकांड्या खात चालला आहे. लोक नाक मुरडून दूर सरकतात, एखादा हसतोही. वाचकहो, अशा वेळी स्टेशनमास्तरांवर केवढी जबाबदारी येऊन पडते, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

पहिले काम शिक्षेचे नव्हे, तर त्या मनुष्यास रुळांपासून दूर नेण्याचे. त्याला बाकावर बसवून सौम्य शब्दांत विचारपूस करावी लागते. कारण झिंगलेल्याशी हुज्जत घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

कायद्याचे पाठबळ आहेच. 1989 च्या रेल्वे कायद्यातील 145 व्या कलमाने नशेत असलेल्या वा शिवीगाळ करणाऱ्या उतारूस रेल्वेच्या हद्दीबाहेर काढण्याचा अधिकार कोणत्याही रेल्वे कर्मचाऱ्यास दिला. तिकीट जप्त करण्याबरोबरच सहा महिन्यांपर्यंत कैद व 500 रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही त्यात सांगितली. त्याच कायद्याच्या 172 व्या कलमाने कामावर नशा करणारा कर्मचारीही गुन्हेगार ठरविला, हे विशेष!

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. हा मनुष्य प्यालेला आहे की आजारी? मधुमेह्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली, अपस्माराचा झटका येऊन गेला किंवा डोक्यास मार लागला, तरी जीभ जड होते आणि पाय लटपटतात. गुंगीचे औषध घातलेला चहा पाजून लुबाडलेला प्रवासीही असाच दिसतो. तोंडास दारूचा वास आला, म्हणून या शक्यता संपत नाहीत. यास्तव उत्तरे असंबद्ध येऊ लागली किंवा शुद्ध हरपली, की जाणता कर्मचारी पोलिसाआधी डॉक्टरास बोलावितो. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असल्यास त्यास कुशीवर वळवितो, म्हणजे ओकारी श्वासनलिकेत जात नाही.

आपणही एवढे करू शकाल. त्याला चिडवू नका, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका, एकट्याने ओढाताण करू नका. मुलाबाळांना बाजूस घेऊन स्टेशनमास्तरांना कळवा; गाडीत असाल, तर 139 या क्रमांकावर दूरध्वनी करा. ‘दारुडा’ म्हणून पाठ फिरविण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्याच्याही घरी ताट झाकून कोणी वाट पाहत बसले असेल.