ताणावरचा बगीचा



डिसेंबर लागला की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात एक गोष्ट दिसते, ती बाहेरगावच्या पाहुण्याला काही केल्या उमगत नाही. विहिरीला पाणी आहे, मोटर चांगली आहे, शेजारच्या वावरात गहू-हरभऱ्याला ओलित चालू आहे. संत्र्याचा बगीचा मात्र कोरडा! पाने मलूल झालेली, जमीन तडकलेली. पाहुणा विचारतो, "अहो, झाडे तहानलेली दिसतात. पाणी का देत नाही?" आपण हसून सांगतो, "बगीचा ताणावर सोडला आहे."

नेमक्या याच दिवसांत आपल्या चर्चमध्ये आगमनकाळ चालू असतो. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. रविवारच्या मिस्सेत गौरवगीत गायले जात नाही. मेणबत्त्या चार, पण पेटते दर आठवड्याला एकच. बगीच्याचे पाणी आपण थांबवतो, तसे चर्च आपले गाणे थांबवते. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, याचा विचार या पानावर करू या.

ताण का देतात?

संत्र्याच्या झाडाला सतत पाणी मिळत राहिले तर ते पालवीच फेकत राहते. बगीचा हिरवागार दिसतो, पण बहार येत नाही. पाणी तोडले आणि वरून डिसेंबरची थंडी पडली, की झाडाची वाढ थांबते. पाने अन्न बनवतच असतात, पण ते नव्या पालवीवर खर्च होत नाही, फांद्यांमध्ये साठते. त्या साठ्यावरच पुढे कळी धरते. म्हणजे जे झाड आपल्याला निजलेले दिसते, ते आतून तयारी करीत असते.

आंबिया बहारासाठी हलक्या-मध्यम जमिनीत साधारण ३० ते ३५ दिवस आणि भारी काळ्या जमिनीत ४५ ते ६० दिवस ताण लागतो. जानेवारीच्या मध्यास तो तोडतात. ताणाला असा हिशेब आहे, आणि त्याला शेवटही आहे. जाणता कास्तकार पाणी बंद करून घरी बसत नाही. तो रोज एक फेरी मारतो, पान हातात घेऊन पाहतो. पाने फिकी पडून काही गळू लागली की समजतो, ताण बसत आहे. फांद्या वाळू लागल्या तर समजतो, ताण जास्त झाला.

या दिवसांत कामेही पुष्कळ असतात. वाळलेली सल काढायची, पाणसोट छाटायचे, हलकी वखरणी करायची, शेणखत आणून ठेवायचे, आळी दुरुस्त करायची. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून आळे दुहेरी करावे; आतले कोरडे राहील आणि पाणी बाहेरच्यात फिरेल.

देवाची वाट पाहणे

पवित्र शास्त्रातील माणसांनीही अशीच वाट पाहिली. जखऱ्या आणि अलीशिबा म्हातारी होईपर्यंत लेकरासाठी प्रार्थना करीत राहिली. जखऱ्याने मंदिरातील आपली सेवा सोडली नाही. शिमोन आणि हन्ना यांनी तारणाऱ्याची वाट पाहण्यात आयुष्य घालवले. बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती. हा सण आपण २ फेब्रुवारीला, म्हणजे नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी साजरा करतो. त्या सुमारास आपले बगीचे फुलावर आलेले असतात आणि फुलांचा वास रस्त्यापर्यंत येतो. त्या दिवशी चर्चला जाताना हन्नाची आठवण जरूर करावी.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धीराचे उदाहरण म्हणून शेतकरीच पुढे केला आहे. पहिला आणि शेवटचा पाऊस येईपर्यंत शेतकरी पिकाची वाट पाहतो, हे त्याने ओळखले होते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर जमिनीलाही विसावा सांगितला आहे. सातव्या वर्षी पेरणी नाही. आणि पन्नासाव्या, म्हणजे जुबिलीच्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याला परत करायची. दर काही वर्षांनी माणसाला नव्याने सुरुवात करता यावी, अशी ती व्यवस्था होती. याच परंपरेतले २०२५ चे जुबिली वर्ष पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ रोजी सुरू केले, आणि त्याचा विषय ठेवला होता 'आशेचे यात्रेकरू'.

आमची एक चूक

आता एक अनुभव सांगतो. त्यात आमची चूक आहे, म्हणूनच सांगतो.

काही वर्षांपूर्वी आगमनकाळातच, मिस्सा आटोपून आम्ही दोघे-तिघे सौंसरकडच्या एका बंधूंच्या बगीच्यात गेलो होतो. नाल्याकाठची भारी जमीन. पाणी तोडून महिना होत आला होता. पाने पिवळी पडली होती आणि झाडाखाली पानांचा सडा होता. ते बांधावर बसले होते. म्हणाले, "वाट पाहून राहिलो दादा. मागच्या साली बहार आला नाही, त्याच्या मागच्या साली फळ गळलं. यंदा काय होते, देव जाणे."

आम्ही म्हणालो, "भाऊ, धीर धरा. ताण बसला की फुटेल बगीचा." दोन वचने सांगितली, चहा घेतला आणि निघालो. वहिनी आमच्यामागे रस्त्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "हे रात्रभर झोपत नाहीत. जेवण सुटलं आहे. कुऱ्हाड घेऊन बगीच्यात जातात आणि तसेच परत येतात." आम्ही त्यांनाही तेच सांगितले, "प्रार्थना करा, सर्व ठीक होईल."

घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या दिवशी संत्र्यातील एका जाणत्या कास्तकाराला सोबत घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी पाने पाहिलीच नाहीत. ते सरळ गुडघ्यावर बसले आणि बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली. साल काळपट, ओली, आणि तिच्यातून डिंक ओघळत होता. नाल्याकडच्या दोन ओळींत जवळजवळ प्रत्येक झाडाला तेच. "हा ताण नव्हे," ते म्हणाले, "हा डिंक्या आहे. पाणी तोडल्याने जाणार नाही आणि पाणी दिल्यानेही जाणार नाही. याला औषध पाहिजे."

बंधूंनो, त्या दिवशी आम्हांला कळले की जे कोरडे दिसते, तो प्रत्येक वेळी ताण नसतो. पान दोन्हींत पिवळे पडते. फरक बुंध्याशी असतो, आणि तो पाहायला गुडघ्यावर बसावे लागते.

डिंक्यावर उपाय

डिंक्या ही जमिनीत राहणारी बुरशी आहे. पाणी साचणारी भारी जमीन, बुंध्याला लागणारे ओलित आणि मातीत बुजलेले कलम तिला फार मानवते. रोगट साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी, खरवडलेली साल गोळा करून जाळावी आणि जखमेवर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात हे मलम तयार होते. भांडे लोखंडाचे नको, प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा, जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीपर्यंत सर्व झाडांच्या बुंध्यांना ते लावावे. पाणी साचत असेल तर चर काढावा. रोग मुळांपर्यंत गेला असेल तर कोणते बुरशीनाशक किती द्यावे, हे छिंदवाड्याचे कृषी विज्ञान केंद्र किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांना विचारूनच ठरवावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांकही विनामूल्य आहे.

दुसरेही लक्षात ठेवावे. पाच वर्षांच्या आतील झाडे, आजारी झाडे आणि अंगावर मृगाची फळे असलेली झाडे यांना आंबियाचा ताण देऊ नये. चर्चसुद्धा लहान मुले, आजारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांच्याकडून उपवास मागत नाही. सर्वांना एकच माप लावणे हे शहाणपण नव्हे.

माणसाचा ताण आणि माणसाचा आजार

झाडाला लागू पडते ते माणसालाही. कष्टाचे, टंचाईचे, वाट पाहण्याचे दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतात आणि प्रार्थनेने, शेजाऱ्याच्या आधाराने ते निभतात. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवणावर वासना नाही, कामात मन नाही, दारू वाढली, "माझा सर्वांना भार झाला आहे" असे बोलणे वारंवार येऊ लागले, तर तो निव्वळ वाट पाहण्याचा थकवा समजू नये. तो मनाचा आजार असू शकतो, आणि त्याला औषधोपचार आहे. अशा माणसाला "विश्वास कमी पडतो" म्हणून दोष देऊ नये. त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. त्याच्या मनात काय चालले आहे, जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार त्याच्या मनात शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. मग त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जावे. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तेथे हिंदी-मराठीत बोलता येते.

आमच्या त्या बंधूंना आम्ही दवाखान्यात नेले. पहिल्या दिवशी ते येईनात. वहिनी म्हणाल्या, "झाडाला डॉक्टर चालतो, मग तुम्हांला का नको?" तेव्हा उठले.

आणखी एक वर्ष

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. हा दाखला आपण पुष्कळदा ऐकतो, पण माळ्याने त्या वर्षात काय करायचे कबूल केले, इकडे लक्ष जात नाही. झाडाभोवती खणीन आणि खत घालीन, असे त्याचे म्हणणे आहे. त्याची आशा हातात कुदळ घेऊन उभी होती. ख्रिस्ती माणसाची वाट पाहणे असे असावे. आम्ही पहिल्या दिवशी बंधूंना मुदत दिली, कुदळ दिली नाही.

त्या दोन ओळींतील काही झाडे वाचली, काही काढून टाकावी लागली. काढताना एका वाळल्या खोडाला खालून हिरवेगार फुटवे आलेले दिसले. बंधूंना आनंद झाला. यशया संदेष्ट्याने इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल असे सांगितले, ते वाचन नुकतेच चर्चमध्ये झाले होते. परंतु जाणत्या कास्तकारांनी मान हलवली. फुटवा डोळ्याच्या खालून होता, म्हणजे तो संत्र्याचा नव्हे, जंबेरीच्या खुंटाचा. कितीही जोमाने वाढला तरी फळ आंबटच देणार. नवी सुरुवात करताना हेही पाहावे लागते. कर्ज फेडायला दुसरे कर्ज, दुःख विसरायला दारू, हे फुटवेही खालूनच येतात आणि फार लवकर वाढतात. तेथे त्यांनी नवे कलम लावले, डोळा मातीच्या वर वीतभर ठेवून. त्याला फळ यायला पाच-सहा वर्षे लागणार, हे त्यांना ठाऊक होते. तरी लावले.

पहिले पाणी

जानेवारीच्या मध्यास उरलेल्या बगीच्याचा ताण तोडला, त्या दिवशी आम्ही हजर होतो. आधी खत दिले. मग पहिले हलके पाणी, आंबवणीचे. नवखा माणूस घाईने आळी भरभरून पाणी देतो. त्याने बहार बिघडतो. आंबवणीनंतर काही दिवसांनी, जमीन पाहून, चिंबवणीचे, आणि मग नेहमीचे ओलित. देवाची कृपाही पुष्कळदा अशीच येते. बेथलेहेमात ती एका तान्ह्या बाळाएवढी आली. एका रात्रीची झोप, एक वेळचे पोटभर जेवण, पापनिवेदनानंतरचा हलकेपणा, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू होणे, हे आंबवणीचे पाणी आहे. ते थोडे म्हणून नाराज होऊ नये.

फेब्रुवारीत बगीचा फुलला. पूर्वीइतका नाही, पण फुलला. बंधू चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले होते. आम्ही विचारले, "काय भाऊ, कसे काय?" म्हणाले, "झोप लागून राहिली दादा."

या आगमनकाळात प्रत्येक घराने दोन फेऱ्या माराव्यात, अशी आमची विनंती आहे. एक आपल्या बगीच्यात, प्रत्येक बुंध्याशी वाकून. दुसरी आपल्या गावातील त्या घरी, जेथील माणूस बरेच रविवार मिस्सेला दिसलेला नाही.

आपणा सर्वांचा बहार चांगला येवो. प्रभू आपल्या घरी येवो.