लिंबातले रक्त आणि पेल्यातले आकाश

पूर्णा म्हटले की लोकांना गाडी बदलणे आठवते. मनमाड-परभणीकडून आलेला प्रवासी इथे उतरून हिंगोली-अकोल्याकडे वळतो, तिकडून आलेला नांदेडची गाडी धरतो. गावात मुक्कामाला थांबणारे थोडेच. अशा या जंक्शनच्या गावी, आमच्या घरात, गेल्या राखीपौर्णिमेला एक आगळाच पाहुणा येऊन थांबला. त्याचे नाव कॉकटेल!

आणला तो भाचीने. बहीण राखीला माहेरी आली होती आणि तिसऱ्याच दिवशी भाचीचा वाढदिवस होता. भाची नववीत. ग्रहताऱ्यांचे आणि परग्रहावरच्या माणसांचे विलक्षण वेड. ‘मामा, केक तुम्ही कुठलाही आणा,’ ती म्हणाली, ‘पण एक स्पेस कॉकटेल झालंच पाहिजे. निळं, आणि आपोआप रंग बदलणारं.’ कॉकटेल हा शब्द माजघरापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिथून आईचा आवाज आला, ‘काय करायलेत रे पोरं? दारू का?’

आईची समजूत घालता घालता माझीही थोडी उजळणी झाली. परग्रहावरची पेये ही विज्ञानकथेची जुनी हौस आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये नायक आपल्या काकांच्या घरी जेवायला बसतो, तेव्हा मेजावर निळे दूध असते. एवढ्या एका भांड्याने प्रेक्षकाला कळते की हे घर आपल्यासारखेच आहे, पण पृथ्वीवरचे नाही. १९७८ साली बीबीसी रेडिओवर डग्लस ॲडम्सच्या श्रुतिकेत ‘पॅन गॅलॅक्टिक गार्गल ब्लास्टर’ नावाचे पेय आले. ते प्यायल्यावर सोन्याच्या विटेला लिंबाची फोड गुंडाळून ती डोक्यात हाणल्यासारखे वाटते, असा त्याचा लौकिक! १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात जहाजाचा डॉक्टर कप्तानाला वाढदिवसानिमित्त निळ्या ‘रोम्युलन एल’ची बाटली देतो आणि ती बेकायदा आहे हेही मिस्कीलपणे सांगतो. म्हणजे दारूबंदी तिथेही सुटलेली नाही. आपल्याकडे तर १९४९ च्या कायद्यान्वये मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, याची पुष्कळांना कल्पनाही नसते.

मराठी विज्ञानकथेने असे एखादे प्रसिद्ध पेय दिल्याचे मला आठवत नाही. तिने दुसरेच काही दिले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ही जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरे उलटी करून बनवलेली. आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी कथा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहून पाठवली होती. पुढे १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ आले आणि आमच्यासारख्या गावांतल्या वाचनालयांतही विज्ञानकथा मागून नेण्याजोगी वस्तू झाली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या कथांनी वाचकाला चकित केले, पण चकित करून सोडून दिले नाही. ‘हे असे का झाले?’ हा प्रश्न त्या हातात ठेवून जात. भाचीच्या पेल्यालाही तीच अट घालायची असे मी ठरवले. रंग बदलेल, पण का बदलला ते सांगता आले पाहिजे.

मग सामान जमवायला निघालो आणि ध्यानात आले, की परग्रहावरचे पेय करायला पूर्णेच्या बाहेर जावेच लागत नाही.

निळा रंग कुंपणावर फुललेला होता. गोकर्णीची निळी फुले आपण देवाला वाहतो. थायलंडमध्ये त्यांचे सरबत करतात, मलेशियात त्यांनी भात निळा करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. फुलांत अँथोसायनिन गटातली रंगद्रव्ये असतात. साध्या पाण्यात ती निळी दिसतात, आम्ल मिळताच जांभळी-गुलाबी होतात आणि खाण्याचा सोडा टाकला तर हिरवटपणाकडे झुकतात. रेणूची घडण आम्लामुळे बदलते, म्हणून तो प्रकाशातले वेगळे रंग शोषतो आणि आपल्या डोळ्यांना वेगळा दिसतो. शाळेतला लिटमस कागद करतो तेच काम हे फूल करते. फक्त कागद पिता येत नाही!

कृती अशी. दहा-बारा ताजी फुले धुऊन, देठ आणि हिरवा भाग काढून, नुसत्या पाकळ्या घ्याव्यात. पेलाभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर, कडक गरम पाण्यात त्या सात-आठ मिनिटे झाकून ठेवाव्यात. पाणी शाईसारखे निळे झाले की गाळून गार करावे. (याची मुळे व बिया रेचक आहेत, त्यांना हात लावू नये. घरात कोणी गर्भवती असेल तर तिला हे पेय न दिलेलेच बरे.) चमचाभर सब्जा पाण्यात भिजत घालावा. पंधरा-वीस मिनिटांत प्रत्येक बीभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. हे आपले ग्रह! दोन मोठे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून त्यात एका लिंबाचा रस पिळावा. हा पाक उंच काचेच्या पेल्याच्या तळाशी ओतावा, त्यावर सब्जा आणि पेला भरून बर्फ घालावा. शेवटी चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून निळे पाणी अगदी सावकाश सोडावे.

पहिल्या खेपेस मी घाई केली. पाणी बदकन ओतले आणि सगळ्याचा एकच जांभळा काला झाला. भाचीने नुसते माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या खेपेस हात सांभाळला. साखरेचा पाक जड म्हणून खाली राहिला, निळे पाणी हलके म्हणून वर तरंगले आणि दोघे जिथे भेटले तिथे जांभळा पट्टा उमटला. चमचा फिरवताच तो वर चढत गेला आणि सगळा पेला गुलाबी-जांभळा झाला. सब्जाचे ग्रह गरगरा फिरू लागले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मोठ्यांपैकी कोणी हळूच विचारलेच, ‘यात थोडी जिन घातली तर?’ घातली तरी रंगाचा खेळ तोच राहील. तो लिंबाने होतो, मद्याचे त्यात काहीच श्रेय नाही. वय आणि परवाना असणाऱ्याने आपल्या घरी काय करावे हा त्याचा प्रश्न. आमच्या पेल्यात तिची उणीव भासली नाही.

वाफा निघणारा पेलाही पोरांना हवा होता. मोठ्या शहरांत त्यासाठी कोरडा बर्फ वापरतात. तो उणे ७८ अंश सेल्सिअसचा, गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम इथे मुखशुद्धी समजून तो तोंडात टाकलेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. तेव्हा ते नाव काढायचे नाही, असे मी बजावले. त्याऐवजी दुकानातला नोटा तपासण्याचा जांभळा दिवा घटकाभर मागून आणला. एका वाटीत थोड्या गोडेतेलात चिमूटभर हळद कालवली, खोली अंधारी केली आणि दिवा वाटीवर धरला. (दिव्याकडे थेट पाहायचे नाही.) तेल हिरवट-पिवळे चमकू लागले. हळदीतले कुरक्युमिन डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेते आणि दिसणारा प्रकाश देते. हळद होती वसमतची. पूर्णेहून हिंगोलीकडे जाताना वाटेतच वसमत लागते. तिथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या सगळ्या धामधुमीत आई दारात उभी होती. ती हसत नव्हती. निळे पाणी लिंबाने लाल-जांभळे होताना तिने पाहिले आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. का, ते मला ठाऊक होते.

मी सहावीत असतानाची गोष्ट. धाकट्या भावाचा ताप उतरत नव्हता. वडील रेल्वेत, ड्यूटीवर बाहेरगावी. वसाहतीत एक बाबा आला होता. त्याने आमच्या ओट्यावर लिंबू कापले आणि त्यातून लाल रस ओघळला. ‘करणी आहे,’ तो म्हणाला, ‘शेजारच्या बाईची.’ आईने पायातल्या साखळ्या काढून दिल्या. ताप पुढे डॉक्टरांच्या औषधाने उतरला. पण शेजारच्या काकूंशी आई त्या दिवसापासून बोलली नाही. आमची पिठाची वाटी त्यांच्याकडे आणि त्यांची भाजी आमच्याकडे, असा इतक्या वर्षांचा घरोबा होता. तो एका लिंबाने मोडला. दोन वर्षांनी काकांची बदली झाली. सामान गाडीत चढत होते तेव्हा काकू ओट्यापाशी थोडा वेळ थांबल्या होत्या. आई बाहेर आली नाही.

त्या लिंबाचे रहस्य मला कॉलेजात असताना कळले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका कार्यक्रमात कार्यकर्त्याने तेच लिंबू कापून दाखवले होते. सुरीला जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवलेला असतो. लिंबाचे आम्ल लागले की तो लालभडक होतो. रंगद्रव्ये गोकर्णीच्याच कुळातली. मी टाळ्या वाजवल्या, मित्रांना तो प्रयोग करून दाखवला, त्यावर वादही घातले. आईला मात्र सांगितले नाही. आता काय उपयोग, उगाच तिला वाईट वाटेल, असे म्हणत वर्षे गेली. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. मी त्यावर तावातावाने बोलत राहिलो आणि माझ्याच घरातले एक लिंबू तसेच राहून गेले.

त्या संध्याकाळी पोरे पांगल्यावर मी परसातून जास्वंदीची दोन फुले तोडून आणली. विळीऐवजी सुरी घेतली, आईसमोर बसून पाकळ्या पात्यावर चोळल्या आणि ती वाळू दिली. मग लिंबू तिच्याच हातात दिले. ‘काप.’ तिने कापले. तोच लाल रस तिच्या बोटांवरून ओघळला.

भाची पुढे सरसावून आजीला समजावू लागली, ‘आजी, ते आम्ल असतं ना, त्यामुळे...’ आई ऐकत होती. तिने धुण्याचा साबण घेऊन हळदीचा डाग चोळून दाखवला. तो पिवळ्याचा लाल झाला. ‘हे तर आम्ही रोजच बघायलाव की,’ आई म्हणाली. मग बराच वेळ ती हातातल्या फोडीकडे पाहत राहिली. शेवटी हलकेच म्हणाली, ‘म्हणजे त्या बिचारीचं काहीच नव्हतं.’

मला उत्तर सुचले नाही. काकू आता कुठे असतात, आहेत की नाहीत, हे आम्हाला माहीत नाही. विज्ञानाने साखळ्या परत येत नाहीत आणि गेलेले शेजारपणही येत नाही. तेच फूल आणि तेच लिंबू एकाच्या हातात भीतीचे हत्यार होते, दुसऱ्याच्या हातात वाढदिवसाचा पेला. फरक एवढाच, की एक जण कारण लपवतो आणि दुसरा सांगतो. म्हणून घरी हे पेय जरूर करा, पोरांना डोळे विस्फारू द्या. पण पेला रिकामा होण्याआधी त्यांना कारण सांगा, आणि दारात कोणी म्हातारे माणूस उभे असेल तर त्यालाही आत बोलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फुलांची परडी भरली. जास्वंद देवापुढे गेली. गोकर्णीची दहा फुले तिने वेगळी काढून ओट्यावर ठेवली आणि भाचीला हाक मारली, ‘ये गं, ते तुझं निळं पाणी कर. मला बी घोटभर दे.’