विजेची आग आणि थांबण्याचे धैर्य

आग लागली की पाणी घेऊन धावावे, हा संस्कार आपल्या समाजात इतका खोल रुजलेला आहे की, त्याविरुद्ध काही सांगू पाहणाऱ्याकडे लोक संशयानेच पाहतात. गवताची गंजी पेटो, गुऱ्हाळघराचे छप्पर पेटो, वा उभ्या उसाच्या फडाला आग लागो. करवीर तालुक्यातील कोणत्याही गावात घागर, बादली, हाताला लागेल ते भांडे घेऊन माणसे धावतात, आणि त्यातच गावाचे गावपण दिसून येते. तथापि, हाच संस्कार जिवावर बेतू शकेल अशी एक जागा आता खेड्यांच्याही शिवारात येऊन उभी राहिली आहे. ती जागा म्हणजे अतिउच्च दाबाचे विद्युत उपकेंद्र होय.

गडमुडशिंगीचा परिसर या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. मुडशिंगीच्या नावाने ओळखले जाणारे महापारेषणचे 220 किलोव्होल्टचे उपकेंद्र या भागात आहे. हातकणंगले तालुक्यात तळंदगे येथे 400 किलोव्होल्टचे उपकेंद्र आहे. एका बाजूस गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या बाजूस गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, आणि उशाशी कोल्हापूरचा विमानतळ, ज्याच्या विस्तारासाठी याच गावाची जमीन संपादित करण्यात आली. उसाच्या फडांवरून मनोऱ्यांच्या रांगा गेलेल्या आहेत. अशा ठिकाणी एखादे मोठे रोहित्र पेटले तर काय करावयाचे, हा प्रश्न केवळ वीज अभियंत्यांचा राहत नाही. तो ग्रामपंचायतीचा आहे, अग्निशमन दलाचा आहे आणि बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे.

रोहित्र पेटते कसे?

उपकेंद्रातील मोठे रोहित्र म्हणजे तेलाने भरलेली पोलादी टाकी. आतील गुंडाळ्यांना विद्युतरोधक म्हणून आणि त्यांची उष्णता वाहून नेण्यासाठी हे खनिज तेल वापरले जाते; मोठ्या रोहित्रात त्याचे प्रमाण हजारो लिटर असते. तेल शांत आहे तोवर ते रक्षणकर्ते असते. परंतु आत दोष निर्माण होऊन विजेची ठिणगी पेटली की त्या ठिकाणच्या तेलाचा क्षणार्धात वायू होतो, दाब वाढतो आणि टाकी फाटू शकते. तारा ज्या चिनीमातीच्या पोकळ स्तंभांतून टाकीत उतरतात, त्या बुशिंगमध्ये ओलावा शिरला तरी हेच घडते. मग ते स्तंभ फुटतात, त्यांचे धारदार तुकडे दूरवर उडतात आणि पेटलेले तेल बाहेर सांडते.

या संकटाची चाहूल आधी लागावी म्हणून बुखोल्झ रिलेसारखी उपकरणे शतकापूर्वीपासून वापरात आहेत. तेलात वायूचे बुडबुडे जमू लागले की हा रिले इशारा देतो, आणि दोष मोठा असेल तर वीजपुरवठाच तोडतो. त्याच्या जोडीला पाण्याचा वेगवान फवारा सोडणारी यंत्रणा असते, किंवा टाकीतील थोडे तेल वरून काढून घेऊन तळातून नायट्रोजन सोडणारी व्यवस्था असते. नायट्रोजनमुळे तेल ढवळले जाते, वरचे तापलेले तेल थंड होते आणि आगीला प्राणवायू मिळेनासा होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांनी 10 एमव्हीए व त्याहून मोठ्या, किंवा 2000 लिटरहून अधिक तेल असणाऱ्या रोहित्रांना अशी व्यवस्था आवश्यक ठरविली. तेल वाहून जाण्याची सोय आणि दोन रोहित्रांमध्ये चार तास आगीला तोंड देणारी भिंत यांचाही त्या नियमांत समावेश होता. 2023 मध्ये हे नियम नव्याने करण्यात आले. नियमांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही.

नियम असूनही काय होते, याचा धडा लंडनने घेतला आहे. 20 मार्च 2025 च्या रात्री हीथ्रो विमानतळाला वीज पुरविणाऱ्या नॉर्थ हाइड या 275 किलोव्होल्टच्या उपकेंद्रात एक रोहित्र पेटले. त्यात सुमारे 25 हजार लिटर तेल होते. दहा बंब आणि सुमारे सत्तर जवान तेथे झुंजत होते. त्या आगीच्या झळीने शेजारचे रोहित्रही बंद पडले, आणि जगातील एक अत्यंत गजबजलेला विमानतळ दुसऱ्या दिवशी जवळजवळ संपूर्ण दिवस बंद राहिला. पुढे जुलै 2025 मध्ये चौकशीचा अहवाल आला. बुशिंगमध्ये शिरलेला ओलावा हे आगीचे बहुधा कारण होते. त्या ओलाव्याची खूण 2018 मध्येच तेलाच्या तपासणीत दिसली होती आणि तिच्यावर पुरेशी कृती झाली नव्हती, असे त्यात नमूद आहे. तेथील पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रणा निकामी असल्याचेही 2022 च्या पाहणीत आढळून आले होते. म्हणजे आग एका रात्रीत लागली असली, तरी तिची तयारी सात वर्षे चालली होती. विमानतळाच्या उशाशी उपकेंद्र असलेल्या गावाने हा अहवाल दूरदेशीची बातमी म्हणून वाचून सोडून देणे शहाणपणाचे होणार नाही.

पाणी केव्हा, कसे?

आता प्रत्यक्ष आग लागल्यावरचा प्रश्न. शुद्ध पाणी विजेचे दुर्बल वाहक असते हे पाठ्यपुस्तकात खरे. परंतु बंबातील पाणी नदीचे, विहिरीचे वा बोअरचे असते. त्यात क्षार असतात आणि ते वीज वाहून नेते. नळीच्या तोंडातून सलग धार निघाली आणि ती जिवंत तारेला भिडली, तर ती धारच तार बनते आणि नळी धरणाऱ्या जवानापर्यंत प्रवाह पोहोचू शकतो. बारीक थेंबांचा फवारा त्यामानाने कमी धोक्याचा असतो, कारण थेंबाथेंबांत हवेचे अंतर राहते. पण हे गणित नळीच्या प्रकारावर, दाबावर, अंतरावर आणि तारेतील व्होल्टेजवर अवलंबून असते. आगीच्या गोंधळात कोणा जवानाने ते मनातल्या मनात सोडवावे, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. फेस तर पाण्याचाच बनलेला. म्हणून वीज चालू असताना तोही वर्ज्य.

यास्तव जगभरच्या अग्निशमन शास्त्राचा पहिला नियम आहे तो फाटकाशी थांबण्याचा. उपकेंद्राचा जबाबदार अधिकारी भेटेपर्यंत, कोणता भाग बंद झाला आहे आणि कोणता चालू आहे हे त्याने दाखवून देईपर्यंत, आणि बंद केलेला भाग अर्थिंग करून सुरक्षित केल्याचे त्याने लेखी देईपर्यंत दलाने आत पाऊल टाकू नये. बंद करणे आणि सुरक्षित करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रेकर उघडला तरी शेजारच्या चालू वाहिनीमुळे बंद तारेत वीज प्रवर्तित होते. कपॅसिटरमध्ये साठलेला भार काही काळ टिकतो. दुसऱ्या टोकाकडून पुरवठा उलटा येऊ शकतो. ज्या तारेला अर्थिंग केलेले नाही, ती जिवंतच समजावयाची, हा लाइनमन मंडळींचा जुना नियम येथेही तंतोतंत लागू आहे.

जमिनीवर तुटून पडलेली तार हा आणखी एक धोका. तिच्याभोवतीच्या जमिनीतच विद्युतदाब पसरतो. माणसाचा एक पाय तारेजवळ आणि दुसरा हातभर पुढे असला, तर दोन्ही पायांमधील दाबाच्या फरकाने शरीरातून प्रवाह वाहतो. लांब ढांगा टाकून पळणारा म्हणूनच अधिक धोक्यात असतो. अशा वेळी पाय जोडून, जमीन न सोडता सरकत सरकत दूर जावे, हे शाळकरी मुलांनाही शिकविता येण्यासारखे आहे.

वीज निश्चित तुटल्यावर मग खरी लढाई सुरू होते. आणि तीही बहुधा पेटलेल्या रोहित्राशी नसते. ते रोहित्र गेलेलेच असते. वाचवायचे असते ते शेजारचे रोहित्र, नियंत्रण कक्ष आणि माणसे. म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाने जाऊन आजूबाजूच्या भिंती व टाक्या फवाऱ्याने थंड राखणे, तेल नाल्यात वा ओढ्यात जाऊ न देणे, आणि फेसाचा पुरेसा साठा हाताशी आल्याखेरीज तेलावर हल्ला न चढविणे, हीच सुज्ञ रीत ठरते. तापलेल्या तेलाच्या पोटात पाणी गेले तर त्याची वाफ होऊन तेल उसळते आणि आग पसरते. ज्वाळा विझल्या तरी तेल तासन् तास तापलेले राहते व पुन्हा पेटू शकते. तेव्हा, बंब आले पण उभेच राहिले, अशी तक्रार ज्यांच्या ओठी येईल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ते उभे राहणे हे अनेकदा कर्तव्याचा भाग असते.

पहिली वीस मिनिटे

मात्र बंब येण्यापूर्वीची पहिली वीस मिनिटे कोणाची? ती असतात कंट्रोल रूममध्ये पाळी करणाऱ्या यंत्रचालकाची. रात्रीच्या पाळीला त्याच्या सोबतीला फार माणसे नसतात, आणि अनेक ठिकाणी तो कंत्राटी असतो. दोष ओळखणे, ब्रेकर उघडल्याची खात्री करणे, भारनियंत्रण केंद्राला कळविणे, दलाला फोन करणे आणि आपलाही जीव राखणे, हे सर्व त्याच्याकडून एकाच वेळी अपेक्षित असते.

या धडपडीची किंमत केवढी असू शकते, हे तेलंगणातील श्रीशैलमच्या डाव्या तीरावरील भूमिगत वीजगृहाने दाखवून दिले. 20 ऑगस्ट 2020 च्या रात्री तेथे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. मृतांत अभियंते होते, तसेच बॅटऱ्यांच्या कामासाठी आलेले दोघेही होते. उपकेंद्र असो वा वीजगृह, दोष आल्यावर ब्रेकर उघडण्याची शक्ती या बॅटऱ्यांतूनच मिळते. तो पुरवठा ढळला तर सारे संरक्षण पांगळे होते. आणि बंदिस्त जागेत ज्वाळेच्या आधी धूर माणसाला गाठतो. पोफळीच्या डोंगरातील कोयनेच्या वीजगृहाचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने ही घटना विसरता कामा नये.

गडमुडशिंगीच्या शिवारातील धोका केवळ कुंपणाच्या आतला नाही. ऊसतोडीनंतर पाचट पेटविण्याची प्रथा अद्याप संपलेली नाही. वाहिनीखाली ज्वाळा उठल्या की उष्णतेने आणि धुराने हवेची विद्युतरोधकता घटते, तारेतून ज्वाळेवाटे जमिनीकडे ठिणगी झेपावू शकते आणि वाहिनी ट्रिप होते. अशा आगीवर तारेखाली उभे राहून पाणी मारणाऱ्या शेतकऱ्याला आपण कशाशी खेळत आहोत याची कल्पनाही नसते. उलट बाजूही आहे. तारांच्या ठिणग्यांनी फड पेटल्याचे दुःख कोल्हापूरच्या शेतकऱ्याला नवे नाही. आणि नुकसानभरपाईसाठी ज्याला हेलपाटे घालावे लागतात, तो पाचटाविषयीचा उपदेश सहज ऐकून घेईल असे मानणे भाबडेपणाचे होईल. उपदेश आणि भरपाई या दोन्ही गोष्टी बरोबरच पोहोचल्या पाहिजेत.

काय करावयास हवे?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे. तरीही ग्रामपंचायतीच्या हद्दीत आग लागली की बंब कोठून येणार, हा प्रश्न उरतोच. हद्दवाढीच्या वादात मुडशिंगीचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते. त्या वादाचा निकाल काहीही लागो, आग हद्दीचा नकाशा पाहून लागत नाही. महापालिकेचे दल, औद्योगिक वसाहतीची यंत्रणा, विमानतळाचे अग्निशमन पथक आणि वीज कंपनी यांच्यात आधीच लेखी समझोता असला पाहिजे. विमानतळाच्या पथकाला तेलाच्या आगीची आणि फेसाची सवय असते. पण विमानांची ये-जा चालू असताना ते धावपट्टी सोडून येऊ शकत नाही. मग त्याची मदत केव्हा मिळेल आणि केव्हा नाही, हे आगीच्या दिवशी ठरविण्याची वेळ येऊ नये.

खर्चाच्या बाबी थोड्याच आहेत. उपकेंद्राच्या फाटकाशी एक नकाशा असावा: रोहित्रे कोठे, तेल किती, पाणी कोठे, आत जाण्याचा मार्ग कोणता. वीज बंद केल्याचा लेखी दाखला कोण देणार, त्या अधिकाऱ्याचे पद रात्रीच्या पाळीसह निश्चित असावे. रोहित्राखालच्या खड्ड्यातील खडी गाळाने व गवताने बुजलेली नसावी, कारण सांडलेले पेटते तेल खडीतून खाली उतरून थंड व्हावे आणि विझावे यासाठीच ती असते. तेलाच्या तपासणीत दोष दिसला तर त्यावर कोणी, केव्हा कृती केली याची नोंद वरिष्ठांनी पाहावी. नॉर्थ हाइडमध्ये नेमके हेच राहून गेले. आणि वर्षातून एकदा तरी दलाचे जवान व उपकेंद्राचे कर्मचारी यांनी एकत्र सराव करावा. ज्या यंत्रचालकाचा चेहरा जवानाने पूर्वी पाहिलेला आहे, त्याचा 'थांबा' हा शब्द तो ऐकतो. अनोळखी माणसाचा ऐकेलच असे नाही.

थांबणे ही गोष्ट आपल्याकडे भित्रेपणाची मानली जाते. डोळ्यांसमोर ज्वाळा, मागे जमाव, जमावात एखादा पुढारी, आणि 'पाणी मारा, बघता काय?' असा गिल्ला. त्या क्षणी नळी खाली ठेवून लेखी दाखल्याची वाट पाहणाऱ्या जवानाला जे धैर्य लागते, ते आगीत उडी घेणाऱ्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे नाही. ते धैर्य त्याला एकट्याने दाखवावे लागू नये. त्यामागे अधिकाऱ्याचा आदेश असावा, सरावाने आलेला आत्मविश्वास असावा, आणि गावाची समजूतही असावी. रोहित्र पुन्हा बसविता येते, वीज काही दिवसांनी पुन्हा येते. परंतु घाईने आत पाठविलेला माणूस परत येईलच असे नाही. हे गावाने आग लागण्यापूर्वीच मनाशी ठरविलेले बरे.