सोडतीच्या बक्षिसात फक्त मिठाईच का?

मदतनिधीच्या सोडतीत काजूकतलीचा किलोचा बॉक्स ठेवण्याआधी एक आकडा पाहा. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे साधारण नऊ जणांत एकाला. त्यांना गोड वर्ज्यच असतं असं मुळीच नाही. जेवणातल्या कर्बोदकांच्या हिशेबात बसवून एखादी वडी खाता येते. अडचण किलोभर मिठाई घरात येऊन पडण्याची आहे. ‘मग शुगर-फ्री ठेवू’ म्हणाल, तर खव्यातली दुग्धशर्करा आणि पिठातला स्टार्च तिथेही राहतोच. ‘वाटून टाकतील की!’ हेही ऐकू येतं, पण मग त्यांनी जिंकलं काय? टेबलावर मिठाईशेजारी अक्रोडाचं पाकीट, पुस्तक, स्टीलचा डबा मांडा आणि विजेत्याला, कारण न विचारता, निवडू द्या.